डेडस्टॉकमधली जीप



जळगाव, धुळे, कुठल्याही जुन्या सरकारी कचेरीच्या मागे डोकावून पाहा. टायर मातीत रुतलेले, बॉनेटवर निंबाचा पाला, अशी एखादी पांढरी जीप तिथे हमखास असते. ती विकून का टाकत नाहीत?

कारण ती डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे कचेरीच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, जिवंत आहे. तिथून तिचं नाव कमी होणं म्हणजे निर्लेखन. दुरुस्ती परवडत नाही असं तांत्रिक अधिकाऱ्याने लिहून द्यायचं, वरिष्ठांनी मंजुरी द्यायची, सरकारी किंमत ठरवायची. मग जाहिरात, बयाणा आणि 'जसे आहे जेथे आहे' या अटीवर लिलाव. यातली एकही पायरी मला फाजील वाटत नाही. त्या नसत्या तर जीप साहेबांच्या मेहुण्याच्या दारात गेली असती!

अडतं ते पहिल्या सहीपाशी. विकून भाव कमी आला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. न विकता चार पावसाळे सडवली तर सहसा कोणी विचारत नाही. मग सही कोण करणार? साहेबांची बदली होते, नवे साहेब चार्ज घेतात, यादीत जीप असते, जागेवरही जीप असते. हिशेब चोख!

एसटीचं बरं आहे. तिच्याकडे स्वतःच्या कार्यशाळा आहेत. 2020 मध्ये प्रवासी थांबले, तेव्हा तिने जुन्या बसगाड्यांचे मालट्रक करून घेतले. रेल्वेही भंगार ई-लिलावात काढते. वस्तू मोडीत काढणं हा त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग आहे. तहसील कचेरीच्या नाही.

गाड्यांपुरता केंद्राने एक उपाय केला. पंधरा वर्षं उलटलेल्या सरकारी गाडीची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून नूतनीकृत होत नाही. चांगल्या अवस्थेतली गाडीही यात जाते, हे खरं. पण ठरवायची जोखीम कोणा एका साहेबावर राहिली नाही.

खरी काळजी जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या पडक्या खोल्यांची आहे. त्याही निर्लेखनाशिवाय पाडता येत नाहीत. जीप नुसती गंजते. खोलीची भिंत मुलांच्या अंगावर येऊ शकते. अभियंत्याने खोली धोकादायक ठरवली, की पुढच्या पावसाळ्याआधी ती पाडून तिच्या सामानाचा लिलाव झालाच पाहिजे, आणि नाही झाला तर का नाही झाला, हे लेखापरीक्षणात विचारलं गेलं पाहिजे.