शिस्त कोणाला लावायची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



अनेक वर्षांपूर्वी, मी शिक्षक असताना, सतत मान उडवणाऱ्या व घसा खाकरणाऱ्या एका दहा वर्षांच्या मुलाला मी बाकावर उभे केले. तो मुद्दाम चाळे करतो, अशी माझी खात्री होती. समतेवर व्याख्याने देणाऱ्या माणसाच्या हातून झालेला हा अन्याय आज आपल्यापुढे कबूल करणे मला अगत्याचे वाटते.

या विकाराला टूरेट सिंड्रोम म्हणतात. पॅरिसमधील डॉक्टर जॉर्ज झील द ला टूरेट यांनी १८८५ साली नऊ रुग्णांच्या आधारे त्याचे वर्णन केले. पुढे कित्येक दशके त्याचे खापर मनाच्या दुबळेपणावर व आईबापांच्या संगोपनावर फोडले गेले. १९६८ साली शपिरो दांपत्याने औषधाने हे झटके आटोक्यात येतात असे दाखविले, आणि दोष संस्कारांचा नसून मूळ मेंदूत आहे, हे मान्य होऊ लागले. आनुवंशिकतेचाही त्यात मोठा वाटा आहे.

शिंक येण्यापूर्वी जशी कळ येते, तशी या मुलांना झटक्यापूर्वी येते. काही वेळ ती दाबता येते. पण त्यात सारी शक्ती खर्च होते, आणि मग धड्याकडे लक्ष कसे राहावे? विकार बहुधा पाच ते सात वर्षांच्या वयात दिसू लागतो, दहा ते बारा या वयात तीव्र होतो आणि तारुण्यात अनेकांच्या बाबतीत ओसरतो. बुद्धीला त्याने बाध येत नाही. तोंडून अपशब्द निघणे हे थोड्याच रुग्णांत आढळते.

सुखवस्तू घरातील मूल मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाते. गरिबाच्या मुलाच्या वाट्याला चपराक येते, नाही तर देवऋषीचा अंगारा. झटक्यांवर ताबा मिळविण्याचे वर्तनोपचार आज आहेत, गरज पडल्यास औषधेही आहेत. पण ती सरकारी रुग्णालयातून मिळावीत, ही मागणी कोण करणार?

आपल्यापैकी अनेक जण शाळांत शिकवितात. झटक्यांकडे दुर्लक्ष करा. मुलाला हवे तेव्हा वर्गाबाहेर जाऊ द्या, परीक्षेत जादा वेळ द्या. त्याची संमती घेऊन सोबत्यांना खरे कारण सांगा.

बाकावर उभा केलेला तो मुलगा पुढच्या वर्षी शाळेत आला नाही. शिस्तीची गरज त्याला नव्हती. ती मला होती.