घरचे विरजण

मंडळी, आज आम्ही तुम्हांला दही कसे लावावे ते सांगणार आहोत. हसू नका. बायामाणसांना हे काम येते, ते आम्हांला ठाऊक आहे. पण पुरुषांपैकी किती जणांनी दूध विरजले आहे? बघा, एकही हात वर नाही.

आमचाही हात वर झाला नसता. ३५ वर्षे आम्ही शाळेत मुले शिकवली. जेवताना पानात दही आयते येत होते. ते कसे लागते, हे कधी विचारले नाही. मग घरची लक्ष्मी गेली. दिवसकार्य झाले, पाहुणे परतले. तेव्हा ध्यानात आले की, तिचे विरजणाचे भांडे कोणीतरी घासून पालथे घातले आहे. आमच्या आईपासून चालत आलेले विरजण त्या दिवशी मोडले.

आम्ही म्हटले, दही आंबट असते, तर लिंबू पिळावे. पिळले. दूध फाटले. चोथा एकीकडे, पाणी एकीकडे. मग शेजारच्या मावशींकडे विरजण मागायला गेलो. दिवेलागण झाली होती. मावशी म्हणाल्या, “मास्तर, दिवा लागल्यावर विरजण द्यायचं नसतं. सकाळी या.” सकाळी वाटीत मिळाले. ते आम्ही कढत दुधात घातले. पुन्हा नासाडी! मावशींनी येऊन भांड्यात पाहिले आणि कपाळाला हात लावला. “अहो, तान्ह्या पोराला न्हाऊ घालायचं पाणी असतं ना, तेवढं कोमट हवं. विरजणात जीव असतो. तो मारलात तुम्ही.”

मावशी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांचे बोलणे शास्त्राला धरून आहे. पाश्चर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ साली हेच मांडले. दूध आंबते ते बारीक जिवांमुळे. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. दुधात थोडी साखर असते. ती खाऊन हे जीव आंबटपणा तयार करतात. तो हळूहळू वाढतो, म्हणून दही सलग लागते. लिंबाचा आंबटपणा एकदम येतो, म्हणून दूध फाटते.

आता रीत ऐका. दूध चांगले उकळा, म्हणजे रोगाचे जंतू मरतात. मग ते निवू द्या. धुतलेली करंगळी बुडवून १० पर्यंत आकडे मोजा. ऊब लागावी, चटका बसू नये. अर्ध्या लिटरला एक लहान चमचा विरजण पुरे. थंडीत दोन घाला. फार घातले तर दही लवकर आंबते. विरजण मोडून दुधात ढवळा, झाका, आणि मग भांडे हलवू नका. आमचा नातू घटकेघटकेला झाकण काढून भांडे हलवी. त्या दिवशी दह्याला पाणी सुटले! उन्हाळ्यात ५-६ तासांत दही लागते. थंडीत रात्रभर ठेवावे लागते. भांडे घोंगडीत गुंडाळा. दही लागले की गार जागी ठेवा.

मडक्यातले दही घट्ट होते, कारण माती पाणी शोषते. स्टीलचे भांडेही चालते. पण कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे नको. त्यात दही कळकते आणि खाणाऱ्याला उलट्या होतात. रोज वाढण्याआधी चमचाभर विरजण बाजूला काढा. दह्यावर बुरशी आली तर ते टाकून द्या. त्याचे विरजण लावू नका.

आता एक बोचणारी गोष्ट बोलतो. पहाटे आपले सगळे दूध केंद्रावर जाते. पैसा हवा, त्याला आमची ना नाही. पण मागे उरते ते चहापुरते. म्हैस दारात आणि दही दुकानात, अशी घरे आपल्याच आळीत आहेत. तिथली पोरे कोरडी भाकरी खाऊन शाळेत येत. आम्ही ते वर्गात डोळ्यांनी पाहिले आहे. अर्धा लिटर दूध घरी विरजले तर दही होते, उरलेल्याचे ताक होते, कढी होते. ज्यांना दूध पचत नाही, त्यांतल्या पुष्कळांना दही पचते. त्यातली थोडी साखर जिवांनी आधीच खाल्लेली असते.

मावशींनी दिलेले विरजण आमच्याकडे अजून चालू आहे. आज भांडे बरोबर आणले आहे. ज्यांच्या घरचे विरजण मोडले असेल, त्यांनी घरून वाटी घेऊन यावे. पुरुषांनी आधी यावे. दिवे लागायला अजून अवकाश आहे.