पाइप शंभरचा, पण व्यास कुठला धरायचा?

आज कोडिंग नाही, एआय नाही. आज लॅगिंग. केमिकल कंपनीच्या कुंपणाबाहेरून जाताना ते चकचकीत पत्र्यात गुंडाळलेले पाइप दिसतात ना, तेच. आत स्टीमचा लोखंडी पाइप, त्यावर रॉकवूल, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. या कामाचं बिल बऱ्याचदा चौरस मीटरवर होतं. आणि भांडणही त्यावरूनच होतं.

माझा मामा तळोजा एमआयडीसीत ही कामं घेतो. त्याच्यासाठी मी मोबाइलवर चालणारा एक छोटा कॅल्क्युलेटर बनवला. ऑफिसमधला मित्र म्हणाला, "अरे, पाय गुणिले व्यास गुणिले लांबी, शाळेतलं सूत्र. त्याला अ‍ॅप कशाला?" सूत्र तेच आहे. प्रश्न आहे, व्यास कुठला?

आता नीट ऐका. लाइन '१०० एनबी'ची आहे, वर ५० मिलिमीटर लॅगिंग, लांबी १०० मीटर. एनबी म्हणजे नुसतं नाव. त्या पाइपचा खरा बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर असतो. कुणी नावावर जाऊन १०० धरला तर येतात ३१.४ चौरस मीटर. उघड्या पाइपवर मोजलं तर ३५.९. जाडी एकदाच मिळवली तर ५१.६. आणि जाडी दोन्ही बाजूंनी मिळवली, म्हणजे ११४.३ अधिक १००, तर ६७.३. पाइप तोच, माणसं तीच, पत्रा तेवढाच लागलेला. पण आकडा दुपटीहून जास्त हलतो!

मामाचं एक बिल असंच अडकलं होतं. समोरच्या इंजिनिअरने जाडी एकदाच धरली होती. समजा दर चौरस मीटरला १००० रुपये, तर १०० मीटरमागे १५,७०० रुपये गेले. छोट्या कॉन्ट्रॅक्टरचा त्या लाइनवरचा नफा कधीकधी तेवढाच असतो. शिवाय पोरांचा पगार काही बिल पास होईपर्यंत थांबत नाही.

गंमत म्हणजे पाइप जितका बारीक, तितका हा फरक मोठा. २५ एनबीचा पाइप ३३.४ मिलिमीटरचा असतो. त्यावर ५० चं लॅगिंग चढवलं की बाहेरचं क्षेत्रफळ उघड्या पाइपच्या चौपट होतं. उलट दोन मीटर व्यासाच्या टाकीवर तेच ५० मिलिमीटर म्हणजे फक्त पाच टक्के वाढ.

म्हणून माझ्या अ‍ॅपमध्ये व्यास टाइप करायची सोयच नाही. एनबी निवडायचा, खरा व्यास आतल्या टेबलमधून येतो. १५० ला १६८.३, २०० ला २१९.१, असं. ३५० एनबीपासून पुढे मात्र गणित सरळ आहे, जितके इंच नाव तितकाच बाहेरचा व्यास. १४ इंची पाइप खरंच १४ इंचांचा, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर.

बेंडला लोक उगाच घाबरतात. बेंडची बाहेरची बाजू लांब, आतली आखूड. पण मधल्या रेषेची लांबी घेऊन बाहेरच्या घेराने गुणलं की उत्तर बरोब्बर येतं, अंदाजे नाही. १०० एनबीच्या लाँग रेडियस बेंडची मधली रेषा साधारण २३९ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ०.१६ चौरस मीटर. एवढ्याशा तुकड्यासाठी पत्र्याच्या किती फाका कापाव्या लागतात ते एकदा साइटवर जाऊन बघा. म्हणून बेंडचा हिशेब कसा धरायचा हे वर्क ऑर्डरमध्ये आधीच लिहून घ्यायचं.

टाकीत खरी फसगत होते ती डिश एंडला. ड्रॉइंगवर ते वरून गोल दिसतं, म्हणून लोक सपाट वर्तुळाचं क्षेत्रफळ लावतात, ०.७८५ गुणिले व्यासाचा वर्ग. पण नेहमीच्या दोनास-एक लंबगोल डिश एंडला ०.७८५ ऐवजी १.०८४ लागतं. टाकी दोन मीटरची, लॅगिंग १०० मिलिमीटर, म्हणजे बाहेरून २.२ मीटर. दोन्ही टोकांचे मिळून सपाट हिशेबाने ७.६ आणि खरे जवळपास १०.५ चौरस मीटर. एका टाकीमागे जवळजवळ तीन चौरस मीटर हवेत!

भारतात या कामाला आयएस १४१६४ हा कोड आहे, आणि अनेक टेंडरमध्ये मोजणी त्याप्रमाणे असं लिहिलेलं असतं. तुमच्या ऑर्डरमध्ये काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. काही कंपन्या पाइपला रनिंग मीटरवर पैसे देतात, तिथे हे सगळं दरातच बसवावं लागतं.

आणि मामाची युक्ती सांगतो, अ‍ॅपपेक्षा भारी आहे. जॉइंट मेजरमेंटला व्यास मोजायचाच नाही. पत्रा चढला की वरून टेप गुंडाळायची आणि घेर वाचायचा. आपल्या उदाहरणात ६७३ मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. रॉकवूल जास्त आवळलं असेल तर कमी येतो, मग जाडी का कमी भरली याचं उत्तर आपणच द्यायचं. आकडा तिथेच मेजरमेंट बुकात, दोघांच्या सह्या, तारीख. फोटोत टेपवरचा आकडा दिसला पाहिजे.

पत्रा विकत घेताना मात्र हे क्षेत्रफळ पुरत नाही बरं का. जोडावर पत्र्यावर पत्रा चढतो, बेंडच्या फाकांत तुकडे वाया जातात. खरेदीचा आकडा वेगळा, बिलाचा वेगळा, म्हणून अ‍ॅपमध्ये दोन स्क्रीन आहेत. व्हॉल्व्ह आणि फ्लँजच्या बॉक्सची तिसरी स्क्रीन अजून बनतेय, ती झाली की पुढच्या भागात बोलू.