चाळिशीनंतरचे वजन आणि व्यायाम : एक दुबार पेरणी

(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात मला बोलावले की बहुधा खतांच्या मात्रा किंवा ठिबक संचाची निगा या विषयांवर बोलावे लागते. आज पिकाविषयी न बोलता पीक काढणाऱ्याविषयी बोलणार आहे. समोर बसलेल्यांत निम्मी मंडळी चाळिशी ओलांडलेली दिसतात आणि सदऱ्याची खालची बटणे ताणलेलीही बरीच दिसतात. हसू नका, व्यासपीठावरही तीच स्थिती आहे.

"शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला?" असे आपण म्हणतो. माझे थोरले बंधूही हेच म्हणत. पायाच्या अंगठ्याला दगड लागल्याचे निमित्त झाले, जखम दोन महिने भरेना, तेव्हा प्रथमच रक्त तपासले. साखर बरीच वर्षे वाढलेली असावी, असे डॉक्टर म्हणाले. शेवटी अंगठा काढावा लागला. भाऊ आळशी नव्हता. परंतु त्याचे राबणे कधी कमी झाले, हे त्याला कळले नाही आणि घरात आम्हालाही कळले नाही.

ते कसे कमी झाले, याचा हिशेब आपल्या परिचयाचाच आहे. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. लोखंडी नांगराचे तास नऊ इंच रुंद धरले तर एक एकर नांगरताना बैलांमागे सुमारे १८ किलोमीटर चालावे लागते. चार एकरांचे ७२ किलोमीटर झाले, आणि कुळवणी, पेरणी, कोळपणी वेगळीच. आज तेच रान ट्रॅक्टर नांगरतो आणि आपण बसून असतो. मोटर मोबाईलवरून सुरू होते, दूध मोटारसायकलवरून डेअरीत जाते, दारे धरायला गडी असतो किंवा ठिबक असते. यात वाईट काही नाही. कष्ट वाचावेत म्हणूनच आम्ही या गोष्टींची शिफारस केली. मात्र यंत्र आले त्या दिवशी ताटही थोडे बदलायला हवे होते, हे सांगायचे आमच्याकडून राहून गेले.

ताटाचे म्हटले की लोक आधी भाकरीवर घसरतात. माझ्या मते ज्वारी-बाजरीच्या भाकरीला उगाच दोष दिला जातो. आधी चहा पाहा. एका कपात दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर आणि ४० उष्मांक. बांधावर, डेअरीवर, सोसायटीत आणि पाहुण्यांकडे मिळून दिवसाचे सहा कप झाले तर ६० ग्रॅम साखर, २४० उष्मांक. अर्धा तास भरभर चालून साधारण १३० ते १५० उष्मांक खर्च होतात. म्हणजे नुसत्या चालण्याने वजन उतरवू म्हणणारा सहा कपांतच हरतो.

दुसरी गोष्ट तेलाची. बेताचे काम करणाऱ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तेल पुरेसे आहे. घरात पाच माणसे असतील तर दिवसाला १५० ग्रॅम, म्हणजे १५ किलोचा डबा १०० दिवस पुरला पाहिजे. डबा फोडाल त्या दिवशी त्यावर खडूने तारीख लिहा. दोन महिन्यांत डबा संपत असेल तर वजन कोठून येते ते शोधायला आहारतज्ज्ञ लागत नाही. भगिनींनी हे केवळ स्वतःवर घेऊ नये. भजी मागणारे कोण असते, ते सर्वांना ठाऊक आहे. उपवासाच्या साबुदाण्याचे आणि दाण्याच्या कुटाचेही तसेच. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण उगाच पडलेली नाही.

"पण मी काही लठ्ठ नाही," असे ज्यांना वाटते त्यांनीही ऐकावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्या लोकांचे हातपाय किरकोळ दिसतात आणि चरबी पोटात साठते. म्हणून वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेप महत्त्वाचा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

आता मुख्य मुद्दा. आपल्यापैकी अनेकांनी व्यायाम एकदा सुरू करून सोडलेला आहे. मी स्वतः तीनदा सोडला. पहिल्यांदा जानेवारीत मोठ्या निर्धाराने पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर चाललो आणि गुडघा सुजला. दुसऱ्यांदा जूनमध्ये पेरणीचे कार्यक्रम आले आणि खंड पडला, पुन्हा रस्त्यावर यायची लाज वाटली, कारण "काय साहेब, सुटलं वाटतं?" असे कोणीतरी विचारणार. तिसऱ्यांदा काटा हलेना म्हणून कंटाळलो.

पण बंधूंनो, पेरणीनंतर पावसाने उघडीप दिली आणि मोड वाळले म्हणून आपण रान सोडून देतो का? शिव्या घालतो आणि दुबार पेरणी करतो. तिचे नियम आपल्याला पाठ आहेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याशिवाय पेरू नका, असे आम्ही दरवर्षी ओरडून सांगतो. व्यायामातही पहिल्या सरीवर पेरणारेच फसतात. पहिले दोन आठवडे फक्त १० मिनिटे चाला. जमते आहे असे वाटले तरी १० मिनिटेच. पुढे दर आठवड्याला चार-पाच मिनिटे वाढवा. वेग असा ठेवावा की चालताना बोलता यावे, पण अभंग म्हणता येऊ नये. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, म्हणजे १५० मिनिटे, इथपर्यंत पोचायला दीड-दोन महिने लागले तरी चालतील.

दुसरा नियम वाणाचा. जुलै अर्धा सरला की आपण मूग-उडदाचा नाद सोडून तूर, सूर्यफूल, बाजरीकडे वळतो. तसे पन्नाशीत विशीतल्या तालमीची आठवण काढून शंभर बैठका मारू नयेत. तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात, म्हणून ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा हवाच, पण वयाला मानवेल असा. ओट्यावरून किंवा खाटेवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात टेकून दहा जोर काढा. खुरपणीने गुडघे दुखावलेल्या भगिनींनी उकिडव्या बैठका टाळून उंच खुर्चीवरून हेच करावे.

तिसरा नियम खंडाचा. सुगी, लग्नसराई, यात्रा येणारच. त्या दिवसांत चालणे जमले नाही तरी उठा-बसा सोडू नये. महिनाभर सारेच सुटले तर पूर्वीच्या निम्म्यावरून पुन्हा सुरू करावे आणि लोकांच्या प्रश्नाला "होय, सुटलं होतं" एवढेच उत्तर द्यावे.

काटा हलत नाही, ही तक्रार राहिली. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास ऐका. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांना रोज चालणे आणि आहारातील बदल सांगितले. तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिले, आणि वजन मात्र फारसे उतरले नव्हते! काट्याला कळण्याआधी फायदा रक्ताला कळतो. मी हे आधी वाचले असते तर तिसरी पेरणी मोडली नसती.

सुरुवात करण्यापूर्वी रक्तदाब व साखर तपासून घ्या. तिशीवरील सर्वांची ही तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात होते. चालताना छातीत दडपण आले, जबड्यात किंवा हातात कळ आली तर तेथेच थांबून दवाखाना गाठावा, घरी येऊन ओवा खाऊ नये. साखरेवर औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी आणि रानातही अनवाणी फिरू नये. माझा भाऊ आता बूट घालून पाणी धरतो. गावात सुरुवातीला थट्टा झाली, आता तिघे जण तसेच बूट घेऊन आले आहेत.

बाहेर बियाण्यांच्या दालनाशेजारी टेबलावर टेप आणि वही ठेवली आहे. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता कंबर मोजायची आणि नाव न घालता नुसता आकडा लिहायचा. पहिल्या ओळीत ९६ लिहिले आहे, तो माझा.