द्रव्य, ऊर्जा आणि हिरवे पान

(मालवण येथे माध्यमिक शिक्षक, पंचायत सदस्य व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



द्रव्य, ऊर्जा आणि प्रकाशसंश्लेषण या तीन संकल्पना पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत भेटतात. परीक्षेपुरत्या त्या पाठ होतात आणि पुढे विस्मरणात जातात. वास्तविक या तिन्ही गोष्टी आपल्या किनाऱ्यावर रोज डोळ्यांसमोर घडत असतात. त्या तेथे कशा पाहाव्यात, एवढेच आज सांगावयाचे आहे.

जे जागा व्यापते आणि ज्याला वस्तुमान असते, ते द्रव्य. १९३० च्या सत्याग्रहाने देशाला परिचित झालेले शिरोड्याचे मिठागर घ्या. खारे पाणी उथळ वाफ्यांत साठवितात. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे उरते. ते पुन्हा पाण्यात टाकले की विरघळते. येथे कोणताही नवा पदार्थ झाला नाही. हा भौतिक बदल होय.

तरव्याच्या भाजावळीची गोष्ट निराळी आहे. वाळलेला पाला, टहाळे आणि गवत पसरून आग लावली की भाऱ्यांच्या जागी थोडी राख उरते. उरलेले द्रव्य नष्ट झाले काय? नाही. त्याचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन हवेत मिसळला. हा रासायनिक बदल. द्रव्याने रूप पालटले, त्याचा हिशेब मात्र चुकला नाही.

आता विद्यार्थ्यांना उलट प्रश्न विचारावा : हा पाला मुळात आला कोठून? बहुतेक मुले ‘मातीतून’ असे उत्तर देतील. बेल्जियममधील व्हान हेल्मोंट या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात हाच प्रश्न तराजूवर घातला. कुंडीत २०० पौंड कोरडी माती घेऊन त्याने वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. झाडाचे वजन सुमारे १६४ पौंडांनी वाढले. मातीचे घटले अवघे दोन औंस. सारे झाड पाण्यापासून बनले, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धाच खरा होता, कारण हवेचा वाटा त्याच्या ध्यानी आला नाही. पुढे १७७९ मध्ये इंगेनहाउझ याने दाखविले की, हिरवे भाग प्राणवायू सोडतात तो प्रकाश असेल तेव्हाच.

पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेते. त्या ऊर्जेच्या बळावर मुळांनी आणलेले पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून शर्करा तयार होते व प्राणवायू बाहेर पडतो. हेच प्रकाशसंश्लेषण. भाजावळीत आपल्याला लागणारी धग ही पानाने साठविलेल्या उन्हाचीच होय. पान जे जोडते, ते आग सोडविते.

ही ऊर्जा देणाऱ्या सूर्याशीही जिल्ह्याचे नाते सांगितले जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची स्मृती म्हणून विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवितात. त्या ग्रहणाचे वेध जान्सेन याने गुंटूर येथे घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉकियर याने इंग्लंडमधून सूर्याच्या वर्णपटातील पिवळी रेषा अभ्यासली आणि तिच्यावरून हेलियम हे मूलद्रव्य ओळखले गेले. सूर्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यातील सुमारे ४० लाख टन द्रव्य ऊर्जारूपाने बाहेर पडते. पृष्ठभागावरून निघालेला प्रकाश सव्वाआठ मिनिटांत आपल्या माडांवर पोहोचतो.

परंतु हिरवे पान केवळ जमिनीवर असते असे नाही. समुद्राच्या वरच्या, प्रकाश पोहोचणाऱ्या थरात सूक्ष्म वनस्पतिप्लवक हेच कार्य करतात. प्लवकांवर तारलीसारखी लहान मासळी वाढते आणि लहान मासळीवर सुरमई. प्रत्येक पायरीवर ढोबळमानाने एक दशांश ऊर्जाच पुढे जाते; उरलेली मुख्यतः हालचालीत व उष्णतेत खर्च होते. म्हणूनच मोठी मासळी नेहमी थोडी असते. द्रव्य पुनःपुन्हा फिरते, ऊर्जा मात्र एकदाच वाहून जाते. तिला दररोज नव्याने पकडावे लागते.

ती पकडणारी दारे जपणे हे पंचायतींचे काम आहे. खाडीकाठचे कांदळवन हे असेच एक दार. त्याची गळलेली पाने चिखलात कुजतात आणि त्यावर खेकडे, कोळंबी व माशांची पिले पोसली जातात. त्यातील पांढरी चिप्पी २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरली. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातील प्रवाळांच्या पेशींतही सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रवाळांना अन्न पुरविते. पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडतात आणि उपाशी राहतात. जाळलेल्या पाल्यातील नत्राचाही बराच भाग हवेत जातो. तोच पाला कंपोस्टात घातला तर शेताला उपयोगी पडतो.

शिक्षकांना एकच विनंती. समीकरण फळ्यावर लिहिण्यापूर्वी तळ्यातील पाणवनस्पती काचेच्या भांड्यात घालून उन्हात ठेवावी. बुडबुडे मोजावेत, मग भांडे सावलीत नेऊन पुन्हा मोजावेत. त्यानंतर मुलांना खाडीकाठी न्यावे आणि विचारावे, येथील कांदळ तोडले तर बाजारातल्या पाटीत काय कमी होईल? या प्रश्नाचे उत्तर जो विद्यार्थी स्वतः शोधील, त्याला ते समीकरण निराळे पाठ करावे लागणार नाही. आणि उद्या पंचायतीत बसून खाडीचा निर्णय घेताना ते त्याच्या उपयोगीही पडेल.