मायक्रोवेव्हचे रेडिएशन आणि मायक्रोवेव्हचे दार

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या ताई विषय घेऊन घरी आल्या तेव्हा मला वाटलं, बँकवाला माणूस म्हणून मुदत ठेव, वारस नोंद असलं काही बोलायला सांगतील. त्या म्हणाल्या, "काकाजी, मायक्रोवेव्हवर बोला. त्याच्या रेडिएशननं कॅन्सर होते म्हणतात. मोबाइलवर रोज काही ना काही येते. खरं काय ते एकदा सांगून टाका." मी बी.एस्सी. झालो त्याला पन्नास वर्षं होत आली, आणि त्यातली बहुतेक वर्षं लेजर, कॅश आणि लॉकर यांत गेली. पण फिजिक्सची आवड सुटली नाही. आणि लॉकरचा अनुभव आज कामी येणार आहे, कसा ते पुढे सांगतो.

आधी 'रेडिएशन' हा शब्द. आपल्या वर्धा जिल्ह्यात हा शब्द पुस्तकातून आलेला नाही, दवाखान्यातून आलेला आहे. कोणाचे वडील, कोणाची आत्या सेवाग्रामला किंवा नागपूरला गेली, तिथं रेडिएशन दिलं. कोणी त्याला 'शेक' म्हणतं. केस गेले, कातडी काळी पडली, हे घरातल्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या डब्यातही रेडिएशन आहे म्हटलं की माणूस दचकणारच. त्यात त्याची चूक नाही. पण नाव एक असलं तरी ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

गंमत अशी, की दोघांचं नातं आपल्याच जिल्ह्यात बघायला मिळतं. मुंबईला पवईच्या आय.आय.टी.च्या परिसरात 'समीर' नावाची सरकारी संस्था आहे. १९८४ साली स्थापन झाली, सूक्ष्मलहरींवर, म्हणजे मायक्रोवेव्हवर काम करते. या संस्थेनं कॅन्सरच्या उपचाराचं यंत्र, लिनॅक, आपल्या देशात बनवलं आणि त्यातलं एक सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बसवलं. त्या यंत्रात सूक्ष्मलहरी इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देतात. ते इलेक्ट्रॉन धातूवर आदळतात आणि तिथून जोरदार एक्स-रे निघतात. पेशी मारण्याचं काम ते एक्स-रे करतात. सूक्ष्मलहर तिथं फक्त धक्का देणारी, आपल्या घरच्या डब्यात ती फक्त गरम करणारी. एक्स-रे अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावतो, पेशीच्या आतल्या रचनेत मोडतोड करतो. सूक्ष्मलहरीत तेवढा दम नाही. ती पाण्याचे रेणू हलवते, त्यांच्या घुसळणीतून उष्णता तयार होते आणि वरण गरम होतं. बटण बंद केलं की लहर संपली. अन्नात ती शिल्लक राहत नाही, जसा दिवा मालवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही.

मग कॅन्सरचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०११ साली रेडिओलहरींना '२ ब' गटात टाकलं, मुख्यतः मोबाइलच्या वापराचा विचार करून. त्या गटाचा अर्थ 'शक्यता नाकारता येत नाही, पुरावा मर्यादित'. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्याही आहेत. आणि ऊन? ऊन पहिल्या गटात आहे, म्हणजे पक्कं. तरी आपण मे महिन्यात दुपारी बारा वाजता हिंगणघाटच्या बसची वाट पाहत उभे राहतोच. थोडक्यात, डब्यात गरम केलेलं अन्न खाल्ल्यानं कॅन्सर होतो, असा पुरावा नाही.

आता मी उलट बाजूनं बोलणार आहे, नाहीतर तुम्ही म्हणाल काकाजी कंपनीचे एजंट झाले.

सूक्ष्मलहर गरम करते, आणि आपलं शरीरही बहुतांश पाणीच आहे. ती कातडीवर थांबत नाही, दोनेक सेंटिमीटर आत जाते. डोळ्याच्या भिंगात रक्तपुरवठा नाही, त्यामुळे तिथली उष्णता वाहून नेली जात नाही. जास्त प्रमाणात लहर लागली तर मोतीबिंदू होऊ शकतो. पुरुषांच्या अंडकोषांचंही तसंच, उष्णता त्यांना सोसत नाही. म्हणजे डब्याच्या आत जे चाललं आहे ते निरुपद्रवी नाही. ते आत राहतं म्हणून आपण सुरक्षित आहोत. आणि ते आत ठेवतं कोण? दार.

हे दार काय वस्तू आहे ते नीट बघा. ह्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. काचेच्या मागे जी भोकांची जाळी दिसते, तिचं एकेक भोक एक-दोन मिलिमीटरचं. तुरीची चाळणी डोळ्यांपुढे आणा. पीठ गळतं, तूर वर राहते. उजेडाची लहर पिठाहून बारीक, म्हणून आतली वाटी आपल्याला दिसते. सूक्ष्मलहर तुरीसारखी, ती मागे परतते. दाराच्या चारी कडांना आतून एक खाच असते, फटीत शिरलेली लहर त्या खाचेत जाऊन उलटते आणि स्वतःलाच मारते. म्हणून दार कागदासारखं घट्ट बसलेलं नसलं तरी चालतं. पण दार वाकडं झालं, बिजागरी ढिली झाली, कडेवर तेल-मसाला साचून जळून कोळसा झाला, तर तो हिशेब बिघडतो.

आणि आता लॉकर. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक हेड कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. एकट्यानं तिजोरी उघडता येत नाही. हिला आम्ही जॉइंट कस्टडी म्हणायचो. मायक्रोवेव्हच्या दारात तीच व्यवस्था आहे. दाराला जे दोन आकडे असतात ते आत जाऊन वेगवेगळे स्विच दाबतात. दोन्ही दाबले गेले तरच यंत्र सुरू. एक बिघडला तरी दुसरा बंद करतो. आणि तिसरा एक स्विच असतो, तो आमच्या ऑडिटरसारखा. दार उघडं असूनही पहिले दोघं 'बंद आहे' असं सांगत असतील, तर हा तिसरा सरळ फ्यूज उडवून देतो. म्हणून मायक्रोवेव्हचा फ्यूज उडाला की नुसता फ्यूज बदलून भागत नाही. ऑडिटरनं शेरा मारला आहे, तो का मारला ते बघावं लागतं.

अमेरिकेत घरगुती मायक्रोवेव्ह १९६७ च्या सुमारास स्वयंपाकघरात आले. दारातून गळतीच्या तक्रारी होऊ लागल्या, १९६८ साली कायदा झाला आणि १९७१ पासून मर्यादा ठरली. डब्यापासून ५ सेंटिमीटरवर, डब्याच्या साऱ्या आयुष्यात, चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटच्या वर गळती नको. विकताना तर १ च्या वर नको. दुपारचं कडक ऊन साधारण १०० मिलिवॅट असतं, यावरून अंदाज घ्या. (ऊन कातडीवरच थांबतं, हे लहर आत जाते, तेव्हा तुलना फक्त अंदाजासाठी.) शिवाय अंतरानं हे झपाट्यानं कमी होतं. ५ सेंटिमीटरवर जे आहे ते अर्ध्या मीटरवर शंभरावा भाग. म्हणून चांगल्या दाराचा डबा सुरू असताना दोन हात दूर उभे राहिलात तर चिंतेचं कारण नाही. पण नाक काचेला लावून पापड फुगताना बघायची लहान मुलांची हौस मोडून काढा. आपल्याकडे बहुतेक घरात ह्या महागड्या यंत्राचं मुख्य काम पापड भाजणं हेच आहे, हे वेगळं सांगायला नको.

गेल्या वर्षी आपल्याच सोसायटीत एका घरी मी सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलो होतो. स्वयंपाकघरातून सूनबाई कौतुकानं म्हणाली, "काकाजी, आमचा ओव्हन आता दार पूर्ण न लावताही चालते. दाराचा आकडा तुटला होता, रिपेअरवाल्यानं जुगाड करून दिला." मी जाऊन पाहिलं. आतल्या स्विचवर प्लॅस्टिकचा तुकडा कायमचा अडकवलेला, फ्यूजच्या जागी जाड तार. दोन्ही किल्ल्या एकाच्या हातात आणि ऑडिटर रजेवर! दार बोटभर उघडं आणि डबा सुरू. त्या घरात चार वर्षांचा नातू आहे आणि त्याचा चेहरा बरोबर त्या ओट्याच्या उंचीला येतो. मी प्लग काढला आणि तो डबा पुन्हा लावायचा नाही असं सांगूनच प्रसाद घेतला. थोडं वाईट दिसलं, पण चालायचंच. मायक्रोवेव्हच्या लहरीनं माणसाला इजा झाल्याच्या ज्या मोजक्या घटना जगात नोंदल्या आहेत, त्यांमागे बहुतांशी असलीच विचित्र परिस्थिती किंवा चुकीची दुरुस्ती असते.

त्याच गल्लीत दुसऱ्या घरी मुलानं पुण्याहून पाठवलेला चांगला ओव्हन व्हॉट्सॲपवरचा मेसेज वाचून माळ्यावर टाकला आहे. दोघंही म्हातारे, रात्री गॅस पेटवायला हात थरथरतात, त्यांना त्याचा खरा उपयोग होता. ज्याला भ्यायचं त्याला कोणी भीत नाही आणि ज्याला भ्यायचं कारण नाही तो माळ्यावर, अशी ही तऱ्हा.

तर दार तपासा. काचेला तडा आहे का, जाळी फाटली का, बिजागरी हलते का, आतल्या पत्र्याला गंज लागून भोक पडलं का. सुरू असताना दार ओढलं की यंत्र त्याच क्षणी थांबलं पाहिजे. दिवा लागून राहिला तर चालेल, घरघर थांबलीच पाहिजे. दाराच्या मुठीवर ओलं फडकं टांगू नका, मुलांना लोंबकळू देऊ नका. कडा ओल्या कापडानं आणि साध्या साबणानं पुसा, तारेच्या घासणीनं नाही. काही लोक मोबाइल आत ठेवून बाहेरून फोन लावतात, रिंग वाजली की "गळते, गळते" म्हणून ओरडतात. ती चाचणी नाही. मोबाइलला इतका क्षीण सिग्नल पुरतो की चांगल्या डब्यातही तो वाजू शकतो. गळती मोजायला प्रमाणित उपकरणच लागतं, बाजारातली स्वस्त मीटरं भरवशाची नाहीत. आणि पेसमेकर बसवलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं. आजकालच्या पेसमेकरना संरक्षण असतं, तरी विचारायला पैसे पडत नाहीत.

मागचा पत्रा मात्र कोणीही उघडू नये. लहरी तयार करायला आत सुमारे चार हजार व्होल्ट लागतात. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तो दाब साठून राहू शकतो. आपल्याकडच्या पोट्ट्यांना यूट्यूब पाहून वस्तू खोलायची भारी हौस असते. मिक्सर खोला, पंखा खोला, हा खोलू नका. यात माणूस जाग्यावर जातो. अर्थिंगचंही बघा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर समजा. मार्च ते जून खड्ड्यात पाणी घालत जा. तीन पिनच्या प्लगची जाड पिन काढून टाकणारे महाभाग आपल्यात आहेत, त्यांना वेगळं काय सांगणार.

खरी इजा होते ती बहुतेक साध्या भाजण्यानं. गुळगुळीत कपात नुसतं पाणी जास्त वेळ ठेवलं तर ते उकळी न फुटता उकळबिंदूच्या वर जातं. शांत दिसतं. चमचा किंवा चहापत्ती टाकली की उसळून हातातोंडावर येतं. म्हणून पाण्यात आधीच लाकडी चमचा ठेवा आणि काढण्याआधी अर्धा मिनिट थांबा. बाळाचं दूध त्यात गरम करू नकाच. बाटली कोमट आणि आतलं दूध एका जागी चटका देणारं, असं होतं. सालीसकट अंडं फुटतं, कधी कधी बाहेर काढल्यावर फुटतं. सोनेरी काठाचा कप, ॲल्युमिनियमची फॉइल आत नको, ठिणग्या उडतात. पापड किंवा पाव जास्त वेळ राहिला आणि आत पेटला, तर दार उघडायचं नाही! हवा मिळाली की जाळ बाहेर येतो. दार बंद ठेवायचं, बटण बंद, प्लग काढायचा, आग आपोआप गुदमरते.

शेवटी जुन्या डब्यांचं. आपल्यातल्या बऱ्याच घरी पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे ओव्हन आहेत आणि दिवाळीत नवा घेतला की जुना कामवाल्या बाईला देऊन टाकायचा अशी आपली पद्धत. दार ठणठणीत असेल तर अवश्य द्या, वापरायचा कसा तेही शिकवून द्या. पण दार ढिलं आहे म्हणून नवा घेतला असेल, तर तोच डबा तिच्या घरी, एका खोलीत, मुलांच्या उशाशी जाऊ देऊ नका. कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये घाला. ते जमत नसेल तर प्लगची वायर कापा, दाराचे आकडे मोडा आणि मगच भंगारवाल्याला द्या, आणि त्यालाही सांगा की बाबा, इथं अंगणात फोडू नको.

कोणाला आपल्या ओव्हनचं दार दाखवायचं असेल तर रविवारी सकाळी मी मोकळा असतो, बॅटरी घेऊन येतो. आता प्रश्न विचारा. मंडळानं चहा ठेवला आहे, गॅसवरच ठेवला आहे असं कळतं.