हाली, कलदार आणि डॉलर
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण, संक्षेपाने)



गणपतीच्या मांडवात विनिमय दराचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण आपण हैदराबादकर. आपल्या आजोबा-पणजोबांना दोन रुपये ठाऊक होते : निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. ११६ रुपये १० आणे ८ पै हाली म्हणजे १०० कलदार. साधारण सातास सहा. पुण्या-मुंबईशी व्यवहार आला की हिशेब बदलायचा. पुढे संस्थान विलीन झाले आणि १९५९ पर्यंत हालीही व्यवहारातून गेला. वटणावळीची कटकट संपली. त्याबरोबर आपल्या चलनाचा दर स्वतः ठरवण्याची हैदराबादची सोयही संपली.

प्रत्येक देशापुढे हाच पेच असतो. दर एखाद्या मोठ्या चलनाला बांधून ठेवला की व्यापाऱ्याला उद्याचा भाव आज कळतो. पण तो टिकवायला तिजोरीत परकीय चलनाची गंगाजळी लागते. दर मोकळा सोडला तर गंगाजळी वाचते, पण आयात करणाऱ्याला रोज धाकधूक. शिवाय बांधलेला दर, पैशाला देशाबाहेर ये-जा करायची पूर्ण मुभा आणि व्याजदर स्वतःच्या मर्जीने ठरवणे, या तिन्ही गोष्टी एकत्र फार काळ नांदत नाहीत. एकीवर पाणी सोडावेच लागते.

१९४४ साली ब्रेटन वुड्सला जगाने बांधलेल्या दरांची व्यवस्था स्वीकारली : डॉलर सोन्याला, इतर चलने डॉलरला. त्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, याचा आपल्याला अभिमान आहे.

आपला रुपया तेव्हा पौंडाच्या दावणीला होता. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले, मागोमाग आपणही केले. पाकिस्तानने केले नाही, आणि दोन्ही देशांतला व्यापार अडला. जून १९६६ मध्ये, युद्ध आणि दुष्काळानंतर, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. १९७१ मध्ये अमेरिकेनेच डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली. १९७५ पासून आपण एका पौंडाऐवजी अनेक चलनांच्या टोपलीवरून दर ठरवू लागलो.

मग १९९१ आले. गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, सोने परदेशी गहाण ठेवावे लागले. १ आणि ३ जुलैला, दोन टप्प्यांत, रुपयाचे अवमूल्यन झाले. पण यावेळी सरकार तिथेच थांबले नाही. मार्च १९९२ मध्ये दोन दर ठेवले : निर्यातदाराने आणलेल्या परकीय चलनापैकी ४० टक्के सरकारी दराने, ६० टक्के बाजारभावाने. वर्षभराने, मार्च १९९३ मध्ये, बाजाराचा एकच दर उरला. तेव्हापासून रुपया बाजारात ठरतो. फार हेलकावे बसू लागले की रिझर्व्ह बँक डॉलर विकते किंवा विकत घेते.

टप्प्याटप्प्याने जाण्याचे मोल थायलंडकडे पाहिले की कळते. तिथे बाट अनेक वर्षे डॉलरला पंचविसाच्या आसपास धरून ठेवला होता आणि परदेशी पैशाला दारही उघडे होते. दर हलणार नाही या भरवशावर कंपन्यांनी डॉलरमध्ये कर्जे काढली. २ जुलै १९९७ ला गंगाजळी आटल्यावर बाट सोडावा लागला. काही महिन्यांत डॉलरला पन्नासहून अधिक बाट पडू लागले, आणि डॉलरचे कर्ज काढलेल्यांचे ओझे दुप्पट झाले. अर्जेंटिनाने तर एक पेसो म्हणजे एक डॉलर, असा कायदाच केला होता. तोही २००२ च्या सुरुवातीला मोडला. त्याआधी बँकांतून लोकांना स्वतःचे पैसे काढण्यावर बंधने आली होती.

यावरून आम्हाला एवढेच कळले, की दराची किंमत कोणीतरी मोजतोच. मोकळ्या दरात आपण ती रोज थोडीथोडी मोजतो : पेट्रोलमध्ये, खाद्यतेलात, अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाच्या फीमध्ये. बांधलेल्या दरात ती तिजोरी मोजते. तिजोरी रिकामी झाली की सगळी थकबाकी एका रात्रीत घरोघर वसूल होते, आणि तेव्हा गरिबाला सावरायला सवड मिळत नाही.

म्हणून डॉलर वाढला की देशाची अब्रू गेली असे म्हणण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : गंगाजळी किती आहे, आणि डॉलरची कर्जे कोणाच्या डोक्यावर आहेत. रुपयाच्या आकड्यापेक्षा या दोन उत्तरांवर आपल्या घराची झोप अधिक अवलंबून आहे.

 गणपती बाप्पा मोरया!